साखरपुड्याची अंगठी: हिरा की सोनं?

मृद्गंध
लेकीचा साखरपुडा ठरलाय, इथे ठाण्यातच. तिने आणि होणाऱ्या जावयाने एका खड्याची, अठरा कॅरेटची हिऱ्याची अंगठी पसंत केलीय. माझं म्हणणं, त्याच पैशात बावीस कॅरेटची घसघशीत अंगठी येईल आणि वर एखादं वेढणंही. यावरून घरात दोन दिवस अबोला आहे.

माझा हट्ट उगाच नाही. २००९ साली वागळे इस्टेटमधला यांचा कारखाना बंद पडला. मुलांच्या फिया तोंडावर आलेल्या. सासूबाईंच्या पाटल्या आणि माझी लग्नातली हिऱ्याची अंगठी घेऊन मी सराफाकडे गेले. त्यांनी पाटल्या कसोटीवर घासल्या, काट्यावर ठेवल्या, अर्ध्या तासात पैसे हातात. अंगठीचा खडा मात्र भिंगातून पाहिला, चिमट्याने त्याला धरणारी नखं उघडून बाहेर काढला आणि कागदाच्या पुडीत बांधून मला परत दिला. "वहिनी, याला गिऱ्हाईक आलं तर बघू." पैसे मिळाले ते फक्त सोन्याचे. ती पुडी अजून माझ्या कपाटात आहे.

कोरी वही
काकू, तुम्ही सोसलंय ते खरंच, पण त्याचा भार लेकीच्या बोटावर कशाला? अडीनडीसाठी आता एफडी आहे, विमा आहे. माझे तोडे, ठुशी, चपलाहार लॉकरमध्ये पडून आहेत, वर्षातून दोनदा निघतात. ठाणे स्टेशनात संध्याकाळच्या गर्दीत मंगळसूत्रसुद्धा मी ओढणीखाली सारते. अंगठी मात्र चार वर्षं बोटात आहे, उतरते ती कणीक मळताना. रोज अंगावर असतो तोच दागिना मला माझा वाटतो.

तलावपाळी
आमच्या साखरपुड्यात अंगठी नव्हतीच. साखरेचा पुडा, साडी, ओटी, झालं. हिरा म्हणजे कायमचं नातं, हे आपल्या आज्यांनी सांगितलेलं नाही. १९४७ साली डी बीअर्स या हिऱ्यांच्या कंपनीच्या जाहिरातीसाठी लिहिलेल्या एका ओळीने ते जगभर नेलं. पण म्हणून हिऱ्याला परकंही म्हणू नका. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे मुख्यतः आपल्याकडून जायचे, गोवळकोंड्याच्या मुलखातून. आणि हिऱ्याच्या कुड्या तर आपल्या बायकांच्या कानात होत्याच. खड्याच्या आकारावर प्रेम मोजायचं, ही मात्र आपली रीत नव्हे.

निशिगंध
दागिन्यांच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो. हिरा अठरा कॅरेटमध्ये बसवतात, कारण बावीसचं सोनं मऊ असतं, नखं सैल पडून खडा निसटतो. अठरा म्हणजे ७५ टक्के सोनं, तेवढ्याचे पैसे केव्हाही उभे राहतात. हिऱ्याचं बायबॅक, म्हणजे दुकानाने तो परत विकत घेणं, बहुतेकदा त्याच पेढीवर आणि तिच्याच अटींवर. लॅबमध्ये वाढवलेला हिराही हिराच असतो, तितकाच कठीण, पण गेल्या काही वर्षांत त्याचे भाव खूप उतरलेत. हौसेने घाला, ठेव समजू नका. सोनंही पूर्ण परत येत नाही. घडणावळ गेली ती गेलीच, वर तीन टक्के जीएसटी. म्हणून काकूंचं वेढणं मला पटतं, त्यात घडणावळ अगदी कमी. घेताना एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावरचा हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक, तेवढा बघा.

खाडीपलीकडची
सोनं म्हणजे लेकीचा अडीअडचणीचा आधार, असं नेहमी म्हणतात म्हणून लिहिते. माझ्या बहिणीला पंचवीस तोळे घातले होते. मागणी नव्हती म्हणे, "तुमच्या मुलीच्या अंगावर शोभेल तेवढं घाला." लग्नानंतर आठवड्यात सगळं सासूच्या लॉकरमध्ये गेलं. घर सोडायची वेळ आली तेव्हा हातात दोन बांगड्या होत्या. स्त्रीधन बायकोचंच, नवऱ्याकडे ते फक्त विश्वासाने ठेवलेलं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलंय. पण किती तोळे होते हे दाखवायला कागद लागतो. आमच्याकडे होते लग्नाचे फोटो. वकील फोटोतला पोहेहार मोठा करून करून बघत होते. सोनं की हिरा हे नंतर बघा, आधी लॉकर कोणाच्या नावावर ते ठरवा.

मृद्गंध
खाडीपलीकडची, तुमचं वाचल्यावर झोप लागली नाही. आमच्याकडची सगळी बिलं यांच्या नावावर आहेत. आता जे घेऊ त्याचं बिल लेकीच्या नावावर, आणि लॉकरही तिचा एकटीचा. हे घरात आजच बोलले. अंगठीचं माझं मत मात्र तेच आहे.

कोरी वही
काकू, अंगठीचे पैसे कोण देतंय?

मृद्गंध
दोघं निम्मे निम्मे. पगारातून.

कोरी वही
मग ती त्यांची त्यांना घेऊ द्या ना. वेढणं तुम्ही द्या, आईकडून.

मृद्गंध
देईन, गुरुपुष्यामृत बघून. पण अंगठी घ्यायला जाताना ती पुडी मी पर्समध्ये नेणार आहे. लेकीने खडा हातात धरून बघावा, मग हवी ती अंगठी घ्यावी.