रामसे बंधूंचे भयपट पुन्हा पाहावेत का?

गोदाकाठ:
नाशिकमधल्या आमच्या छोट्या चित्रपटप्रेमी गटात पुढच्या वेळी रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (१९८४) हा भयपट दाखवावा असे मी सुचवले आणि निम्म्या मंडळींनी नाके मुरडली. माझे म्हणणे असे, की हे चित्रपट टिंगल करण्यासाठी नव्हे, तर तुटपुंज्या पैशांत भीती कशी उभी केली जाते हे समजून घेण्यासाठी पाहावेत. १९७० सालच्या 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' या आपटलेल्या चित्रपटात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतात, त्या एका प्रसंगाला प्रेक्षक दाद देतात, हे या भावांनी हेरले; मग महाबळेश्वरला मुक्काम ठोकून 'दो गज ज़मीन के नीचे' (१९७२) पुरा केला. लेखन, दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनी, संकलन अशी बहुतेक कामे घरातल्या घरात वाटलेली. गंगू रामसे यांचे छायालेखन जरा निवांत पाहा. खिडकीमागून येणारा निळा प्रकाश आणि जमिनीलगत सोडलेला धूर एवढ्या भांडवलावर ते ओसाड दालनाला खोली देतात.

पंचवटीकर:
पैसा कमी होता, ही सबब किती दिवस पुरवायची? कमी साधनांत जीव ओतून केलेल्या कामाचा दाखलाच हवा असेल, तर तो आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांचा द्यावा. 'पुराना मंदिर'मध्ये सामरी या सैतानाचे शिर पेटीत आणि धड वेगळीकडे, ही कल्पना उत्तम आहे, हे मला मान्य. पण भय चढू लागते न लागते तोच जगदीप 'शोले'ची नक्कल करीत मच्छरसिंग होऊन येतो आणि सगळ्यावर पाणी पडते. शिवाय सामरीने राजाला दिलेला शाप कोणता, तर घराण्यातील स्त्रिया बाळंतपणात मरतील. पापाचा संबंध पुरुषांच्या राज्याशी आणि शिक्षा मात्र बायकांना. न्हाणीघरातली दृश्ये तर निव्वळ तिकीट खपवण्यासाठी घातलेली. याला आपण कला म्हणणार का?

जुनी रिळे:
पंचवटीकर, आक्षेप रास्त आहे, पण त्यातून चित्रपट बाद होत नाही. सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल हे शिक्षणाने स्थापत्य अभियंता होते. त्यांची उंची आणि चेहऱ्याची ठेवण यांचा दिग्दर्शकांनी असा वापर केला, की रंगभूषेवर फार विसंबावे लागले नाही. 'बंद दरवाजा'तही (१९९०) तेच आहेत. मोठ्या निर्मात्यांनी भयपटाला हात लावायचे टाळले त्या काळात हा प्रकार या घराने जगवला आणि १९९३ मध्ये 'झी हॉरर शो'च्या रूपाने तो घरोघरी गेला. नाशिकच्या एकपडदा चित्रगृहात रात्रीच्या खेळाला बसणाऱ्यांना विनोदाचा विसावा हवाच असे; तो ठिगळासारखा दिसतो, हेही खरे.

पंचवटीकर:
मग ते ठिगळ उसवून, मच्छरसिंग वगळूनच दाखवा. अर्धा तास वाचेल.

गोदाकाठ:
तसे करणे मला पटत नाही. कापून दाखवलेला चित्रपट आपल्या आवडीचा होईल, रामसेंचा राहणार नाही. आणि तुमचा बाळंतपणाच्या शापाबद्दलचा मुद्दासुद्धा अखंड चित्रपट पाहिल्याशिवाय नीट मांडता येणार नाही.

पंचवटीकर:
ठीक आहे, अखंड दाखवा, मी येतो. मात्र चर्चेत पहिला प्रश्न त्या शापाचा घ्यायचा, प्रकाशयोजनेचा नंतर.