विवेकवादी चळवळीने पक्षाचा झेंडा हाती घ्यावा का?

कृष्णाकाठ:
परवा एकाने लिहिलं की अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी आता उघडपणे एखाद्या पक्षात जावं, पक्षाबाहेर राहणं हा निव्वळ भित्रेपणा आहे. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

आमच्या तालुक्यात एका घराला जातपंचायतीने वाळीत टाकलं होतं. पंच एका पक्षाचे, वाळीत टाकलेला दुसऱ्या पक्षाचा. आम्ही दोन्हीकडे जेवलो, महिनाभर खेटे घातले, तेव्हा कुठे पंचांनी दंडाचे पैसे परत दिले. पुढच्या वर्षी आमच्यातल्याच एकाने पंचायत समितीचं तिकीट घेतलं आणि गळ्यात उपरणं टाकून वस्तीवर प्रचार केला. त्यानंतर तिथे एका आजींची जट सोडवायला गेलो. जटेच्या ओझ्याने मान वळत नव्हती त्यांची. आधी त्या तयार होत्या, पण मुलगा दारातच म्हणाला, "तुम्ही त्यांची माणसं." कात्री पिशवीतच राहिली. हा भित्रेपणा?

जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये एका आघाडीच्या सरकारने केला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 मध्ये तिच्या विरोधकांच्या सरकारने केला. अंगावर एका बाजूचा शिक्का असता, तर दुसऱ्या कायद्यासाठी कुणाच्या दारात उभं राहिला असता?

लाल_बावटा:
दादा, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण पहिल्या कायद्याची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितली. डॉ. दाभोलकर जवळपास 18 वर्षं त्यासाठी सगळ्या पक्षांचे उंबरे झिजवत होते. सगळे चहा पाजायचे, कायदा काही होत नव्हता. 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला आणि आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला. तुमच्या अलिप्ततेने कायदा आणला नाही, त्यांच्या रक्ताने आणला. विधानसभेत आपली दहा माणसं असती तर?

आणि 2015 ला गोविंद पानसरे गेले. ते उघड कम्युनिस्ट पक्षाचे. एक पक्षाबाहेरचा, एक पक्षातला, दोघांनाही गोळ्याच. मग अलिप्त राहून वाचलं काय?

वाईकर:
हा वाद जुना आहे. क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांनी स्वतः काढलेला रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष डिसेंबर 1948 मध्ये विसर्जित केला. सत्तेच्या शर्यतीत उतरलेला पक्ष माणसाला विचार करायला शिकवत नाही, अशा निष्कर्षाला ते आले होते. आमचे आजोबा रॉयवादी. पक्ष मोडला तेव्हा घरात सुतक असल्यासारखं वाटलं, असं आजी सांगायची. पण त्यानंतरच आजोबा गावात वाचनालय चालवू शकले, कारण सगळ्यांची मुलं येऊ लागली.

लाल_बावटा:
आणि आज रॉयवादी किती उरलेत? 1946 च्या निवडणुकीत सपाटून मार खाल्ला, दोन वर्षांनी पक्ष मोडला. हरलेल्याने मैदान सोडलं, त्याला तत्त्वज्ञान म्हणू नका.

वाईकर:
हे बोलणं मागे घ्या. त्या माणसाने ब्रिटिशांच्या तुरुंगात वर्षं काढली आहेत.

जलसेवाला_कोल्हापूर:
रॉय कशाला, घरचंच उदाहरण घ्या. 1873 ला जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला. 1920 नंतर त्याचा ब्राह्मणेतर पक्ष झाला, 1930 च्या दशकात त्याचे पुढारी केशवराव जेधे काँग्रेसमध्ये गेले आणि मागोमाग सगळे. गाण्या-नाट्यातून सत्यशोधक विचार सांगणारे जलसे बंद पडले. माझ्या पणज्याचं लग्न भटजीशिवाय लागलं. आजोबा साखर कारखान्याच्या निवडणुकीत उभे राहिले, तर मतं जातील म्हणून वडिलांच्या लग्नाला भटजी बोलावला! राजकारणाने आमच्या घरातून फुले काढून नेले.

नांगरट:
जेध्यांना नावं ठेवू नका. ते काँग्रेसमध्ये गेले म्हणून बहुजनांची पोरं सत्तेत बसली. 1948 ला तेच शेतकरी कामगार पक्षात गेले. आणि तुमच्या आजोबांनी भटजी बोलावला तो मोह त्यांचा, दोष जेध्यांचा कसा?

जलसेवाला_कोल्हापूर:
सत्तेत बसून काय केलं? किती मंत्र्यांच्या घरची लग्नं सत्यशोधक पद्धतीने लागतात, एक दाखवा.

मिरजेची_सून:
मंत्री सोडा, कार्यकर्त्यांचं बोला. माझ्या मुलीचं लग्न 2019 ला आम्ही सत्यशोधक पद्धतीने लावलं. सासरचे महिनाभर अबोला धरून होते. नवरा-नवरीकडून लग्नाची शपथ म्हणवून घ्यायला आमच्या भागातल्या कुणा कार्यकर्त्याला सवड नव्हती. सगळे निवडणुकीच्या प्रचारात, काही या बाजूला, काही त्या बाजूला. शेवटी मी स्वतः उभी राहून वाचलं. हात थरथरत होते. तुम्ही इथे जेधे आणि रॉय यांच्यावर भांडा.

नांगरट:
ताई, तारीख कळवायची होती. मी आलो असतो.

मिरजेची_सून:
कळवली होती. याच गटावर.

लाल_बावटा:
ताईंचं वाचून एवढं मान्य करतो की अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शाखेचा पदाधिकारी प्रचारात नसावा. पण सामान्य कार्यकर्त्याने कुठल्या पक्षात असावं, हे सांगायचा अधिकार कुणालाच नाही. पानसरेंना कुणी सांगितलं असतं का?

कृष्णाकाठ:
पानसरेंनी कधी दुसऱ्याच्या शाखेची पिशवी गळ्यात अडकवून मतं मागितली नाहीत. माझं म्हणणं तेवढंच आहे. तिकीट हवं त्याने आधी राजीनामा द्यावा. निवडणूक संपली म्हणून महिन्याभरात परतही येऊ नये, निदान दोन वर्षं थांबावं.

लाल_बावटा:
दोन वर्षं जास्त होतात. एक.

कृष्णाकाठ:
त्या आजी अजून तशाच आहेत. दोन.