आत राहणं, बाहेर पडणं: बंदिस्त श्रद्धासमूहांचे अनुभव

चांदणवेल

कल्ट, म्हणजे गुरूच्या मुठीतला बंदिस्त पंथ म्हटलं की जोन्सटाउन आठवतं. १८ नोव्हेंबर १९७८, गयानाच्या जंगलातली वसाहत, नऊशेहून जास्त मृतदेह, बहुतेक विषाने गेलेले. नाहीतर १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडणारे ओम शिनरिक्योवाले. जवळचं उदाहरण हवं तर पुण्याहून अमेरिकेतल्या ओरेगॉनला गेलेला रजनीशांचा पसारा आणि १९८४ मध्ये तिथल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये जंतू मिसळून ७५१ जणांना आजारी पाडणारे त्यांचे अनुयायी. या टोकाच्या गोष्टी सगळ्यांनी वाचलेल्या आहेत, त्यामुळे हा धागा त्यांच्यासाठी नाही. आपल्या ओळखीचे कितीतरी लोक घट्ट विणीच्या समूहांत राहतात. त्यांतलं कुणी विष पीत नाही आणि कुणाला पाजतही नाही. त्यांच्याबद्दल आणि त्यांच्याकडूनच ऐकायचं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. एखादा समूह काय मानतो यावरून मी त्याला नावं ठेवणार नाही. पुनर्जन्म, पाप, बत्तिसावा स्वर्ग, जे मानायचं ते मानोत. मला एवढंच बघायचं असतं की उद्या एखाद्याला तिथून निघावंसं वाटलं तर त्याच्या आईचा फोन येणं बंद होतं का. संविधानाचं कलम २५ प्रत्येक माणसाला श्रद्धेचं स्वातंत्र्य देतं, तर कलम २६ संप्रदायाला आपला धार्मिक कारभार आपण बघण्याचं. एकाच घरात ही दोन्ही स्वातंत्र्यं समोरासमोर आली की काय होतं, ते लिहा. संस्थेचं, गुरूचं, गावाचं नाव नको. सोडून आलेल्यांनी लिहाच, पण जे आत आहेत आणि मजेत आहेत त्यांनीही लिहा.

कडुनिंब

मी आतच जन्मले. आईबाबा लग्नानंतर सत्संगात गेले होते, त्यामुळे मला कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता. रविवारी सत्संग, गुरुवारी सेवा, मे महिन्यात शिबिर. बाहेरून बघणाऱ्याला यात खटकण्यासारखं काय आहे? शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, तुमची मुलं किती वळणाची हो!

वही मात्र बाहेरच्यांना दिसायची नाही. दोनशे पानी, आखलेली. डावीकडे तारीख, मग 'दोष', मग 'कुणाबद्दल', आणि शेवटी 'प्रायश्चित्त'. शेवटचा रकाना आपण भरायचा नाही, तो सत्संगातल्या ताई भरायच्या. दोष नसला तरी पान कोरं ठेवायचं नाही, कारण कोरं पान म्हणजे अहंकार. मग मी दोष रचायला लागले. 'आरतीच्या वेळी सिनेमाचं गाणं आठवलं.' 'भावाच्या ताटातल्या लाडवाकडे बघितलं.' ताई खूश व्हायच्या.

खरी गोम 'कुणाबद्दल' या रकान्यात होती. कोण शंका काढतं, कोण बाहेरच्यांशी जास्त बोलतं, त्याचं नाव तिथे लिहायचं. मामाच्या लग्नाला जायची परवानगी नाकारली म्हणून आई स्वयंपाकघरात रडली होती. आठवीतल्या मुलीने ते वहीत लिहिलं. पुढच्या रविवारी आईला सगळ्यांसमोर उभं केलं. वही कुणाची होती हे तिला न सांगता कळलं असणार. घरी आल्यावर तिने मला नेहमीसारखं वाढलं आणि म्हणाली, "अक्षर सुधारलंय तुझं."

नोकरी दुसऱ्या शहरात लागली तेव्हा मी हळूहळू फोन घेणं बंद केलं. भांडण नाही, राजीनामा नाही. तिकडे मात्र जाहीर झालं की माझ्याशी बोलणाऱ्याची साधना फळत नाही. तेव्हापासून बाबा बोलत नाहीत. आई त्याच शेजारच्या काकूंच्या फोनवरून बोलते, तेही घाईघाईत.

एक गोष्ट लोकांना सांगितली तर आवडत नाही. मला तिथली माणसं आवडायची. माझ्या टायफॉइडमध्ये सत्संगातल्या बायकांनी पाळी लावून रात्री जागवल्या होत्या. भजन तर इतकं सुरेल की अजून कुठे ढोलकी वाजली तर पाय ठेका धरतो. बाहेर पडलेल्या माणसाने सगळं काळंच रंगवावं अशी अपेक्षा असते, ती माझ्याकडून पुरी होणार नाही.

रोखठोक

वाईट वाटलं वाचून. पैशाचं काय झालं? अशा ठिकाणी तोही मुद्दा असतोच.

कडुनिंब

असतोच. निवृत्तीनंतर बाबांच्या पीएफचा मोठा हिस्सा तिकडे गेला. 'स्वेच्छादान' असा कागद आहे, खाली बाबांची सही. आता काय बोलणार?

पोथीवाला

दंडवत प्रणाम! (आमच्यात नमस्काराऐवजी हेच म्हणतात.) मजेत असलेल्यांनीही लिहा म्हटलंय म्हणून लिहितो.

आमचं घर महानुभाव. आजीने उपदेश घेतलेला (म्हणजे घरात राहून पंथ स्वीकारलेला) आणि तिची धाकटी बहीण दीक्षा घेऊन आश्रमात राहिली. आमचं वेगळेपण लपत नाही. पाच कृष्णांखेरीज (आम्ही मानतो ते परमेश्वराचे पाच अवतार) कुणाची पूजा नाही. आजी इतर देवतांचा प्रसाद घ्यायची नाही. शेजाऱ्यांनी गणपतीचा मोदक दिला की दोन्ही हातांनी घ्यायची आणि गुपचूप आम्हा पोरांच्या हातावर ठेवायची. आमचं काही बिघडलं नाही, शेजाऱ्यांनाही कधी अपमान वाटला नाही.

बंदिस्तपणा म्हणाल तर आमच्या पंथाइतका बंदिस्त कोण असेल? मराठी गद्याचा पाया म्हणून शिकवतात ते 'लीळाचरित्र' आमचंच, तेराव्या शतकातलं. पण आमच्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्या गेल्या आणि बाहेरच्या अभ्यासकांना त्या वाचता आल्या त्या थेट विसाव्या शतकात. इतकी शतकं दार लावून बसलेल्या पंथाबद्दल लोक काय काय बोलायचे, आमच्या साधूंच्या काळ्या कपड्यांवरून काय काय जोडायचे, ते आजी हसत सांगायची. आणि आत काय होतं? जातीचा विटाळ न मानणारे चक्रधरस्वामी, आणि महदाइसेसारखी त्या काळात काव्य रचणारी बाई. तेव्हा दार बंद आहे म्हणून आत काहीतरी काळंबेरं असणारच, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

चांदणवेलच्या कसोटीबद्दल. माझ्या काकाने उपदेश घेतला नाही. लग्न बाहेर केलं, घरात मटण शिजवलं. आजी त्याच्या घरी फक्त पाणी प्यायची. पण दिवाळीला त्याचं ताट तिच्या शेजारीच असायचं आणि वाढायचीही तीच.

तिसरी_लेव्हल

देवधर्माशिवायही हे सगळं होतं. मी नोकरीत खचलो होतो तेव्हा एका मित्राने व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात नेलं. पहिली लेव्हल स्वस्त, दुसरी महाग, तिसरीसाठी मी कर्ज काढलं. आईवडिलांबद्दलचे राग रात्री उशिरापर्यंत माइकवर सांगायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. फायदा झाला नाही तर "तू शंभर टक्के दिलं नाहीस." म्हणजे चूक कायम माझीच. आत गणपतीचा फोटोसुद्धा नव्हता, भिंतीवर होते ते आलेख. बाकी कडुनिंबच्या वहीत आणि त्या माइकमध्ये मला काही फरक दिसत नाही.

खाडीकाठ

आमच्याकडे ना गुरू ना शिबिर, फक्त गावकी. वडिलांनी देवळाच्या जमाखर्चाचा हिशेब मागितला, एवढंच. बैठक बसली आणि माफी माग, दंड भर असं ठरलं. वडील म्हणाले, हिशेब दाखवा, मग माफीचं बघू. दुसऱ्या दिवसापासून आम्ही वाळीत.

ज्यांनी हे बघितलेलं नाही त्यांना वाटतं की भांडणं, मारामाऱ्या होत असतील. तसलं काही नसतं. सगळं अगदी शांत असतं. आई दळण घेऊन गेली तर गिरणीवाला म्हणाला "लाईट नाही", आणि मागे चक्की चालू. दुकानदार आपलाच माणूस, तो नजर चुकवून म्हणायचा, "काकी, मला पण दंड बसंल." शिमग्याला पालखी आमच्या अंगणाला वळसा घालून पुढे गेली. तेव्हा आई पहिल्यांदा मोडली, कारण दळण काय, तालुक्याहून आणता येतं. देव कुठून आणणार?

वडील वारले तेव्हा खांदा द्यायला माझे कंपनीतले मित्र आले. त्यांतल्या एकाला कोकणातलं काही ठाऊक नव्हतं, तो सारखा विचारत होता की एवढ्या मोठ्या गावात माणसं कुठे गेली?

पुढे कायदा आला, तक्रार केली. ठाण्यात आधी नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) करून वाटेला लावत होते, मग अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) कार्यकर्त्यांना सोबत नेल्यावर गुन्हा नोंदला. शेवटी समझोता झाला. आता पालखी येते, पण हिशेब अजून कुणी दाखवलेला नाही.

काळा_कोट

वकिली करतो, म्हणून कायद्याचं थोडं सांगतो.

खाडीकाठ म्हणतात तो सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा. विधिमंडळात एप्रिल २०१६ मध्ये मंजूर झाला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे एनसीवर भागवता येत नाही. पोलीस ऐकत नसतील तर पीडित व्यक्ती किंवा तिच्या घरचे थेट मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकतात. समझोताही कायद्यातच आहे, मात्र पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी लागते.

पण मुंबई राज्याने असा प्रयत्न त्याच्या कितीतरी आधी केला होता. धर्मबहिष्कृत करण्याला बंदी घालणारा १९४९ चा कायदा. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द केला. बहुमताचं म्हणणं असं की धर्माच्या कारणावरून एखाद्याला बाहेर काढणं हा संप्रदायाचा स्वतःचा कारभार आहे, म्हणजे कलम २६. विरोधी मत खुद्द सरन्यायाधीश सिन्हांचं. त्यांनी बघितलं ते बाहेर काढलेल्या माणसाकडे: त्याचं नागरी जिणंच हिरावलं जातं. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून समाजातल्याच सुधारकांनी १९८६ मध्ये याचिका केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो प्रश्न शबरीमलाचा विषय ज्यांच्याकडे आहे त्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. मी वैयक्तिकरीत्या सिन्हांच्या बाजूचा. देवळात घेऊ नका हे एकवेळ समजू शकतो, पण दफनभूमीत जागा देऊ नका आणि बायकोला सोड म्हणून सांगा, यात धर्म कुठे आला?

राहता राहिला कल्ट. आपल्या कायद्यात त्याची व्याख्या नाही, आणि नाही तेच बरं. उद्या व्याख्या करायला बसलो तर पहिला घाव पोथीवाल्यांसारख्यांवर पडेल, कारण संख्येने थोडे आणि दिसायला वेगळे तेच असतात.

कडुनिंब, कागदावर 'स्वेच्छा' लिहिलं म्हणून विषय संपत नाही. करार कायद्याच्या कलम १६ मध्ये अनुचित प्रभाव आहे, म्हणजे आपल्या वजनाचा गैरफायदा घेऊन मिळवलेली संमती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८९० मध्येच एका म्हाताऱ्या यजमानाने परलोकाच्या आशेने गुरूला दिलेली मालमत्ता याच तत्त्वावर परत करायला लावली होती. अडचण दोन आहेत. मुदत साधारण तीन वर्षांची, आणि दावा बाबांनी स्वतः करायला हवा.

कडुनिंब

बाबा? ते आणखी द्यायला बघताहेत.

रोखठोक

मग मला सांगा, घर आणि कल्ट यांत फरक काय? आमच्याकडेही पोरीने जातीबाहेर लग्न केलं की फोन बंद होतो. पैसे वडिलांच्या हातात, प्रश्न विचारला की उलट बोलतो म्हणून थोबाडीत. चांदणवेलच्या कसोटीत निम्मा महाराष्ट्र बसतो.

चांदणवेल

बसतो तर बसू दे! घर आहे म्हणून सूट कशाला द्यायची?

पण एक फरक मला दिसतो, तो शपथ कोणत्या वयात घेतात त्यात. अमेरिकेतले आमिश पंथाचे ख्रिस्ती लोक घ्या. आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याची मुभा त्यांनी १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून मिळवली, ती मला आजही पटत नाही. मात्र त्यांचा बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतः होऊन घ्यायचा असतो. तो न घेता जो निघून जातो त्याच्याशी सहसा संबंध तोडत नाहीत. घेऊन मोडला तर मात्र कडक वागतात. कडुनिंबला वही कधी दिली गेली? अक्षर गिरवायच्या वयात.

समुपदेशक

घरचं माणूस आत असलेले पालक, भावंडं माझ्याकडे येतात. मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी १९६१ मध्ये, चीनमधल्या 'विचारसुधारणे'तून बाहेर आलेल्यांच्या मुलाखतींवरून अशा वातावरणाची आठ लक्षणं मांडली. सक्तीचे कबुलीजबाब हे त्यांतलं एक. वही आणि माइक, दोन्ही त्यात येतात.

येणारे बहुतेक जण आधी गुरूचे व्हिडिओ, बातम्या, पुरावे असं सगळं त्या माणसासमोर मांडून बसलेले असतात. त्याने तो आणखी आत जातो, कारण बाहेरचे असंच बोलणार हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. मी सांगते, गुरूचा विषयच काढू नका. मॅचबद्दल बोला, गुडघेदुखीबद्दल बोला, भाच्याच्या मुंजीला बोलवा. तो नाही आला तर पुढच्या वेळी पुन्हा बोलवा. हे कंटाळवाणं काम आहे आणि यश येईलच असंही नाही.

पैशाबाबत मात्र गप्प बसू नका. जपानने डिसेंबर २०२२ मध्ये कायदाच केला की भीती घालून देणगी मागायची नाही आणि देणगीसाठी कर्ज काढा, राहतं घर विका असं सांगायचं नाही. तिथे जोडीदार आणि मुलांनाही काही मर्यादेत पैसे परत मागता येतात. आपल्याकडे अशी थेट सोय मला तरी दिसत नाही. काळा_कोट सांगतील.

काळा_कोट

थेट नाही. म्हणून आतल्या माणसाच्या घरच्यांना मी एवढंच सांगतो: वडिलोपार्जित काही असेल तर सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड आजच काढून बघा, कारण त्यातला तुमचा हिस्सा कुणी परस्पर दान करू शकत नाही. आईचं नाव असलेली खाती, तिचे दागिने कुठे आहेत ते बघा. आणि जो स्वतः बाहेर पडायच्या विचारात आहे त्याने दहावीचं सर्टिफिकेट, आधार, पॅन, पासपोर्ट आधी आपल्या ताब्यात घ्यावे. पुष्कळ ठिकाणी 'सुरक्षित राहावं म्हणून' ते कार्यालयाच्या कपाटात असतात. नातेवाइकाचं लग्न, बँकेचं केवायसी, काहीही कारण सांगा, पण मूळ प्रत काढा. सोडून चाललोय हे त्यानंतर सांगा.