सूर्याचं कृष्णविवर झालं तर?

चिंचवडची आई: काल पुण्यात कृष्णविवरांवरचं व्याख्यान ऐकलं. सभागृह खचाखच, आम्ही पायऱ्यांवर. माइक आमच्यापर्यंत येईतो वेळ संपली. लेकाचा प्रश्न चिठ्ठीवरच राहिला: सूर्याचं कृष्णविवर झालं, तर पृथ्वी आत ओढली जाईल का?

गच्चीवरची दुर्बीण: नाही हो ताई. वस्तुमान तेवढंच, म्हणजे ओढही तेवढीच. पृथ्वी आपली फिरत राहील, फक्त गारठेल. सूर्याला त्यासाठी जेमतेम ३ किलोमीटर त्रिज्येत दाबावं लागेल. पृथ्वीला तर ९ मिलिमीटरमध्ये, लिमलेटच्या गोळीएवढं!

नुसताच वाचक: आणि सूर्याचं तसं होणारच नाही, तेवढा जड नाही तो. शेवटी श्वेत बटू, म्हणजे ताऱ्याचा उरलेला, हळूहळू थंड होणारा गाभा.

चिंचवडची आई: सांगितलं. आता विचारतोय, ती गोळी चोखली तर?