दाब वाढवायचा असेल तर दाब कमी ठेवा?

कोपरीकर : वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजच्या पोरांसाठी इंजिन बांधणीची टिपणं मराठीत करतोय. कॉम्प्रेशनला, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा दाबतो त्याला, 'दाब' लिहिलं आणि बूस्टलाही, म्हणजे टर्बो हा हवेचा पंप बाहेरून जास्तीची हवा कोंबतो त्याला, 'दाब'च. परवा एकाने मोठ्याने वाचलं, 'टर्बो लावून दाब वाढवायचा असेल तर दाब कमी ठेवावा.' पोरं अजून हसतायत. मुद्दा खरा आहे हो, शब्दांनी घात केला. शिवाय डिस्प्लेसमेंटला 'विस्थापन' केलंय, तेही खटकतंय. सुचवा काहीतरी.

घणसोलीकर : विस्थापन तर नकोच. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, आमच्याकडे तो शब्द काढला की जमिनीच्या मोबदल्यातल्या साडेबारा टक्के भूखंडांचा विषय निघतो. इथे पिस्टन खालून वर येताना जेवढी जागा झाडून घेतो तेवढीच मोजायची आहे. जुन्या बुलेटचा बोअर (सिलिंडरची आतली रुंदी) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिमी, झाले ३४६ सीसी. 'सीसी'च लिहा.

शब्दवेडी : सीसी हे एकक झालं. वजनाला 'किलो' म्हणण्यासारखं. 'घनक्षमता' बरा.

घणसोलीकर : ताई, पेट्रोल गाडी १२०० सीसीच्या आत आणि ४ मीटरच्या आत असली तर जीएसटी १८ टक्के, नाहीतर ४०. शोरूममध्ये कुणी घनक्षमता विचारत नाही.

तुर्भ्याचा फिटर : कॉम्प्रेशनचा घोळ तुमच्या टिपणांच्या आधीपासूनचा आहे. गाडी ओढत नाही, धूर टाकते, तेव्हा आम्ही म्हणतो 'कॉम्प्रेशन गेलं'. म्हणजे रिंगा झिजल्या, गेजवर पौंड कमी आले. तो झाला दाब. पण कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा वर असतानाच्या जागेच्या किती पट, तो जागचा हलत नाही, कारण तो जागेचा हिशोब आहे, हवेचा नाही. बुलेटचा रेशो ८.५ धरला तर पिस्टन वर टेकल्यावर सुमारे ४६ सीसी जागा उरते. खालची ३४६ आणि ही ४६ मिळून ३९२, भागिले ४६. आता बोअर वाढवून मोठा पिस्टन टाकला आणि हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, तेच ठेवलं, तर सीसीबरोबर रेशोही थोडा चढतो. हेड घासून घेतलं तर सीसी तेवढेच, पण रेशो चढतो. म्हणून दोन्हींना दोन शब्द हवेतच.

शब्दवेडी : मग रेशोला नुसतं 'पट' म्हणा. साडेआठ पट, दहा पट. पाठ्यपुस्तकी 'संपीडन गुणोत्तर' परीक्षेपुरतं ठेवा.

कोपरीकर : 'पट' आवडला! आता बूस्ट?

शब्दवेडी : ठासणीची बंदूक आठवा. टर्बो हवा ठासतो, तर 'ठासणी'. लोहाराचा 'भाता'ही मनात आला होता, पण भाता फुंकतो, ठासत नाही.

तुर्भ्याचा फिटर : ठासणी चालेल, कारण गोष्ट तशीच आहे. बाहेरची हवा साधारण १ बार. टर्बोने वर आणखी १ बार दिला की सिलिंडरमध्ये जवळपास दुप्पट हवा. तीही तापलेली, इंटरकूलरने कितीही थंड केली तरी. ती परत दहा पट दाबली तर प्लगच्या ठिणगीनंतर ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं पेट्रोल आपोआप पेटतं. त्यालाच नॉकिंग म्हणतात, पिस्टनला भोक पाडायची ताकद त्यात असते. म्हणून पट उतरवायचा. पण उतरवलेल्या पटाचं इंजिन टर्बो जागा होईपर्यंत सुस्त. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये टर्बो जागा होतोय कशाला? तिथे नुसती मोठी सीसी बरी, पेट्रोल पीत असली तरी. हल्ली थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारतात, ते आत थंडावा देतं, म्हणून टर्बोलाही पट चढा ठेवता येतो. जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनाला हा नियम लावू नका, पोरं करून बघतील.

कोपरीकर : वाक्य बदललं : 'ठासणी वाढवायची असेल तर पट कमी ठेवावा.'

घणसोलीकर : छान. फक्त पट उतरवायचा म्हणजे काय करायचं तेही लिहा. हेडखालचं जाड गॅस्केट की खोलगट पिस्टन?

तुर्भ्याचा फिटर : पिस्टन. आणि पोरं गॅरेजात 'बूस्ट'च म्हणणार, सांगून ठेवतो.