मदत हवी आहे: 5 एकर केळी-कापसासाठी किती एचपीचा ट्रॅक्टर?

केळीबाग_यावल: राम राम मंडळी. यावल तालुक्यात घरालगत 5 एकर काळी भारी जमीन आहे. 3 एकर केळी, 5 बाय 5 फुटांवर, ठिबकवर. 2 एकर कापूस, दोन ओळींत 4 फूट. आंतरमशागत, ब्लोअरची फवारणी आणि गोठ्यातलं शेणखत वाहणं ही मुख्य कामं. विक्रेता 28 एचपीसोबत 4 फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) घ्या म्हणतो, शेजारी म्हणतात 18 एचपी पुरे. काय घ्यावं? फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा, लागेलच का?

तापीकाठ: भाऊ, एचपीच्या आधी टेप काढा. केळीच्या दोन ओळींत 60 इंच. दोन्हीकडे बुंध्यापासून 12-12 इंच सोडले की उरतात 36. एका टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत स्वतः मोजा. माहितीपत्रकातलं अंतर बहुधा टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत असतं, तिथेच फसगत होते. रोटाव्हेटरही टायरच्या बाहेरच्या रुंदीइतका हवा, नाहीतर चाकोरी दाबलेलीच राहते. म्हणजे 3 फुटी. 4 फुटी 48 इंच खाणार. जरा हात हलला की ठिबकची नळी पात्यांत. केळीची मुळं वरच्या थरात असतात, म्हणून बागेत 3 इंचांखाली पातं घालू नका.

पिलबाग, म्हणजे पहिल्या झाडाच्या पिलावर दुसरं पीक, ठेवणार असाल तर आणखी जपा. पिल मूळ झाडाच्या बाजूला येतं, ओळ वाकडी होते, आणि मृगबागेत (जून-जुलैच्या नव्या लावणीत) आरामात फिरलेलं यंत्र पुढच्या वर्षी अडकतं. सायलेन्सर उभा नको, खालून काढलेला बघा. उभ्याने पानं करपतात.

कापसात 36 इंची यंत्र फांद्या ओळीत येईपर्यंतच चालेल. पुढे बैलाचं कोळपं.

काळीमाती_चोपडा: तापीकाठ दादांच्या मापावरून एचपी काढतो. भारी जमिनीत रोटाव्हेटरच्या दर फुटाला पीटीओवर (अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर) 6 ते 7 एचपी धरावेत. 3 फुटाला 18 ते 21. इंजिनाच्या साधारण 85 टक्के ताकद पीटीओवर मिळते, म्हणजे इंजिन 22 ते 25 एचपीचं. 18 एचपीला पीटीओवर 15 मिळतील. ढेकळांत इंजिन दबेल, काळा धूर निघेल, ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून चालवेल आणि प्लेट जळेल. 28 वर 4 फुटी म्हणजे पीटीओवर जेमतेम 24, भारी मातीत अगदी काठावर, आणि रुंदीत तर बसतच नाही.

फोर व्हील घ्याच. हलक्या ट्रॅक्टरची मागची चाकं काळ्या मातीत जागेवरच फिरतात. पण वाफसा नसताना ओल्या रानात कोणतंही यंत्र घालू नका, माती दाबली की मुळांना हवा मिळत नाही.

क्लच दुहेरी पाहा. एकेरी क्लच दाबला की पीटीओही थांबतो. ओळीच्या टोकाला गिअर बदलताना ब्लोअर बंद पडतो, फवारा तुटतो.

केळीबाग_यावल: नांगरटही त्यानेच होईल का? आणि ट्रॉली?

तापीकाठ: केळी काढल्यावरची खोल नांगरट 45-50 एचपीच्या पलटी नांगराने भाड्याने करून घ्या. वर्षातल्या एका कामासाठी मोठा ट्रॅक्टर दारात बांधू नका. खताला सपाट रस्त्यावर टनभर ट्रॉली ठीक, ब्रेक असलेलीच.

काळीमाती_चोपडा: दोन गोष्टी राहिल्या. अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्याशिवाय पावती फाडू नका. आधी घेतलेल्या यंत्राचा दावा बसत नाही. मॉडेलचा चाचणी अहवालही मागा, मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या सरकारी ट्रॅक्टर चाचणी केंद्राचा असतो. त्यात पीटीओची मोजलेली ताकद दिलेली असते.

दुसरी, रोटाव्हेटर जोडताना पीटीओ शाफ्टची लांबी तपासा. लांब राहिला तर रोटाव्हेटर वर-खाली करताना टोकाला टेकतो आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग फोडतो. जास्त कापला तर चालताना निसटतो. हायड्रोलिक पूर्ण खाली, मग पूर्ण वर करून दोन्ही वेळा मापा. शिअर बोल्ट (जास्त ताण आला की आधी तुटून गिअरबॉक्स वाचवणारा बोल्ट) तुटला तर त्याच जातीचा टाका. कडक बोल्ट टाकला की तो तुटत नाही, आतले दात तुटतात.

केळीबाग_यावल: 24 एचपी, फोर व्हील, 3 फुटी, दुहेरी क्लच. वाफसा आला की विक्रेत्याला यंत्र माझ्याच रानात चालवून दाखवायला सांगतो, कांदेबागेच्या (ऑक्टोबरच्या सुमारास लावायच्या केळीच्या) लावणीआधी.