शब्दचर्चा : घरच्या वृद्धांचे 'करणाऱ्या' माणसाला काय म्हणावे?

प्रश्न (जळगाव)

आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघासाठी एक पत्रक लिहीत आहे. घरातील वृद्ध व्यक्तीची रोजची जबाबदारी सांभाळणाऱ्या सुनेसाठी, मुलासाठी किंवा पत्नीसाठी त्यात एक शब्द हवा आहे. सरकारी कागदांत 'काळजीवाहक' आढळतो, बोलण्यात 'केअरटेकर' येतो, आणि दवाखान्यात अशा माणसाला नुसते 'पेशंटचे नातेवाईक' म्हणून हाक मारतात. यांपैकी एकही मनाला पटत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (अमळनेर)

'केअरटेकर' हा शब्द आपल्याकडे पगारी माणसासाठी रुळला आहे. 'पुण्याला आईसाठी केअरटेकर ठेवली' असे म्हणताना ती सून नाही, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. त्यामुळे घरच्या माणसासाठी तो शब्द बाद करावा. 'काळजीवाहू' हा तर राजीनामा दिलेल्या मंत्रिमंडळाकडे केव्हाच गेला आहे आणि 'काळजीवाहक'लाही त्याची छाया लागते. तरीही तो शब्द मी पूर्णपणे टाकणार नाही. मराठीत काळजी 'करणे' वेगळे आणि 'घेणे' वेगळे. सुरतला नोकरी करणारा मुलगा आईची काळजी करतो आणि नंदुरबारला तिच्याजवळ राहणारी सून काळजी घेते. दोघांचेही प्रेम खरे असते, पण रात्री उठावे लागते ते एकीलाच. काळजी 'वाहणे' या प्रयोगात मात्र ओझे उचलल्याची जाणीव आहे आणि ती खरी आहे.

'शुश्रूषा' (पहिला उकार ह्रस्व, दुसरा दीर्घ, 'सुश्रुषा' हे लेखन चुकीचे) हा संस्कृतातील 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून झालेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे, आज्ञा ऐकणे, सेवा करणे हे अर्थ पुढे आले. पत्रकात हा मूळ अर्थ जरूर द्यावा, कारण औषध, जेवण, अंघोळ सगळे वेळेवर होऊनही आपले म्हणणे कोणी ऐकत नाही ही वृद्धांची तक्रार घरोघरी असते. 'उस्तवार' हा फारसीतून आलेला शब्द आहे. तिकडे त्याचा अर्थ 'मजबूत, पक्के' असा आहे, आपल्याकडे तो आजाऱ्याची निगा आणि डागडुजी या अर्थांनी स्थिरावला. जुन्या पिढीच्या तोंडी तो अजून ऐकू येतो, नव्या पिढीला बहुधा समजावून सांगावा लागेल.

मात्र माझ्या मते आपल्या लोकांचा खरा शब्द यांपैकी कोणताच नाही. अहिराणीत विचारतात, 'डोकरीनं कोन करस?' (म्हातारीचं कोण करतं?) प्रमाण मराठीतही 'तिने सासूचं शेवटपर्यंत केलं' असेच म्हणतात. 'सासूचं' काय केलं, ते नाम वाक्यात येतच नाही. हगणे-मुतणे काढण्यापासून रात्रभर उशाशी बसण्यापर्यंतचे सारे त्या गाळलेल्या जागेत सामावलेले असते आणि ते सर्वांना ठाऊक आहे असे गृहीत धरलेले असते. कामाला नाव नाही, म्हणून करणाऱ्यालाही नाव मिळाले नाही. आणि ज्याला नाव नाही त्याची विचारपूस करण्याचे कोणाला सुचत नाही. पत्रकाचा विषय हाच असावा, असे मला वाटते.

उत्तर (धुळे)

मी परिचारिका म्हणून नोकरी केली आहे, त्या अनुभवावरून थोडी भर घालते. 'देखभाल' या शब्दाचे दोन्ही भाग पाहण्याशी संबंधित आहेत, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे नुसते पाहून भागत नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. 'परिचर्या' म्हणजे आजाऱ्याच्या अवतीभवती वावरणे. मला तो शब्द अधिक प्रामाणिक वाटतो, परंतु त्याला रुग्णालयाचा वास आहे हे मान्य करते.

एक कळकळीची विनंती आहे. पत्रकात 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण कोठेही येऊ देऊ नका. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे, वयाचा अपरिहार्य भाग नाही. या म्हणीमुळे कित्येक घरांत डॉक्टरांकडे जाणेच लांबते. तसेच 'वात झाला' किंवा 'चळ लागला' असे म्हणून मोकळे होऊ नये. स्मृतिभ्रंश बहुधा महिनोन्महिने हळूहळू वाढतो, पण कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती एक-दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागली, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातील सोडियम घटणे किंवा नवे औषध असे कारण असू शकते. त्यावर उपचार होतात आणि ते तातडीने करावे लागतात.

उत्तर (शहादा)

करणाऱ्याच्या विश्रांतीसाठीही शब्द हवा. आपल्याकडे ही प्रथा आहे, नाव मात्र नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, आईचे सगळे आपल्या हाती घेते आणि मग भावजय निर्धास्तपणे तिच्या माहेरी जाते. मी याला 'पालट' म्हणेन. 'हवापालट' आणि 'खांदेपालट' हे शब्द आपल्याला परिचित आहेतच, त्यामुळे तो उपरा वाटणार नाही. आखाजी वर्षातून एकदाच येते. पालट दर आठवड्याला निदान एका दुपारपुरता तरी मिळावा, हे पत्रकात स्पष्ट लिहावे.

उत्तर (चोपडा)

एक कायदेशीर शब्द. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या अधिनियमाच्या मराठी नावात 'चरितार्थ' हा शब्द आहे, लोक मात्र 'पोटगी' म्हणतात. पोटगी म्हटले की नवरा-बायकोचे भांडण डोळ्यांपुढे येते आणि आई-वडील अर्ज करायला लाजतात. कायद्यातील चरितार्थात अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय उपचार हे सारे येते. 60 वर्षे पूर्ण झालेल्या आणि स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या व्यक्तीला न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. पत्रकात 'चरितार्थ' हाच शब्द ठेवावा. ज्येष्ठांसाठीच्या 14567 या हेल्पलाइनचा क्रमांकही द्यावा.

प्रश्नकर्त्याकडून (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. शीर्षकात 'काळजीवाहक' ठेवतो, कारण सरकारी कागदांशी मेळ लागला पाहिजे. मजकुरात मात्र 'घरातील वृद्धांचे करणारे' असे लिहीन आणि पहिलाच प्रश्न त्यांना विचारीन की, 'तुम्हाला पालट कोण देतो?' 'करणारी' असे स्त्रीलिंगी रूप मी हेतुपुरस्सर टाळले आहे. तेच रूप आपल्या तोंडी बसले आहे हे खरे, पण पत्रक वाचून एखाद्या मुलाने 'हे माझ्यासाठी नाही' असे म्हणून ते बाजूला ठेवू नये. या अनेकवचनाला कोणाचा व्याकरणदृष्ट्या आक्षेप असल्यास छपाईपूर्वी अवश्य कळवावे.